विसाव्या दिवसाचं पान

फोटो छापणाऱ्याच्या दुकानात एका प्रयोगशाळेत काम करणारी बाई रांगेत उभी होती. तिच्यापुढच्या शाळकरी मुलीने पाकीट उघडलं आणि सगळे फोटो काउंटरवर मांडले. शेजारी तिची आई होती.

"काका, हे माझे फोटो नाहीत."

"तुझेच आहेत. एकच पान, वीस दिवस."

"ते पिवळं पडत गेलं होतं. इथे विसाव्या दिवशीही हिरवंगार आहे."

"अगं, किती मरगळलेलं होतं ते. एकेक फोटो बसून सुधारलाय मी."

"तोडलेलं पान किती दिवसांत पिवळं पडतं, हाच माझा प्रकल्प आहे. तो उद्या द्यायचाय."

"तरी मी हिला सांगत होते, चंद्राचे फोटो घे म्हणून. चंद्र कुणी हिरवा केला नसता."

"आई, आपल्या साध्या कॅमेऱ्यात चंद्र ठिपक्याएवढा येतो. म्हणून तर पान निवडलं. रोज तीच खिडकी, तीच वेळ."

"मग हेच दे की. तुझ्या शाळेतल्या बाई खूश होतील."

"त्यांना काय सांगू, काका? तोडलेलं पान वाळतच नाही? कार्डावर मूळचे फोटो आहेत. जसे आहेत तसे छापा."

"असले रोगट फोटो? मागे माझ्या दुकानाचा शिक्का असतो, बाळा. लोक मला नावं ठेवतील."

"मग शिक्का मारू नका."

"का नको?" मागे उभी असलेली प्रयोगशाळेतली बाई म्हणाली. "माराच शिक्का, भाऊ. आणि त्याखाली सही करून लिहा, यात मी काहीही सुधारलेलं नाही."