बिनव्याजी सुरमई

आमच्या ह्यांच्या मामांचं मन किती मोठं, ते ऐका. नणंदेच्या लग्नाला त्यांनी पैसे दिले आणि म्हणाले, “घरच्यांकडसून व्याज खंयचा घेवचा?” मग दर रविवारी जेवायला येऊ लागले. कर्ज फिटेपर्यंत आम्ही पेजेवर, पण मामांच्या पानात सुरमई! माझी पोर काटे चोखायची. हेच व्याज, हे मॅट्रिक झालेल्या मला कळायला वर्ष लागलं. एका रविवारी भीत भीत मी त्यांनाही पेज आणि मिठातला आंबा वाढला.

“ह्या काय गो?”

“आमचा रोजचा जेवाण, मामानु. तुमी घरचेच मां!”

मामांनी हात धुतले आणि ओटीवर जाऊन ह्यांना विचारलं, “मगे, मुद्दल कधी देतलस?”