अडुसष्टवर अडलेला खांदा

...आणि वर ही सगळी मंडळी मलाच विचारतात, "त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" काय आहे? अहो, काय नाही ते विचारा! मांस आहे, जाळ आहे, धूर आहे, गंजलेलं पिंप आहे, आणि हे सगळं ज्या बाईच्या पोटात जाणार ती माझी बायको आहे, नुकती कुठे हॉस्पिटलातून घरी आलेली! मी भित्रा नाही, तुम्हाला सांगतो. मला माहिती जास्त आहे, एवढंच.

पूर्वी नव्हती ना! तीच तर गंमत! तरुणपणी दर सुट्टीला मी मागच्या अंगणात मांसाला धुरी द्यायचो. वेल्डरकडून एक लोखंडी पिंप कापून घेतलं होतं, खाली निखारे, वर जाळी, झाकणाला भोक, झालं! लाकूड हाताला लागेल ते, मांस परवडेल ते, आणि आतून शिजलं की नाही ते बघायचं कशानं? बोटानं! बोट भाजलं की शिजलं! इतकी माणसं जेवून गेली, पण कोणाला काही झालं नाही... निदान मला तरी कोणी कळवलं नाही. मग मुलगी लग्न होऊन गेली, माझे गुडघे गेले, पिंपात हिनं कोरफड लावली आणि विषय मिटला.

मिटला होता हो! पण ही आजारी पडली. मोठं दुखणं, ऑपरेशन, सगळं. घरी आली ती अर्धी होऊन. तोंडाला चवच नाही. मुलगी रोज डबा घेऊन येते, "आई, दोन घास, माझ्यासाठी," आणि ही चमचा तोंडापर्यंत नेते, त्याच्याकडे बघते आणि खाली ठेवते. डॉक्टर म्हणाले, "सर, पुढच्या तपासणीला वजन वाढलेलं नसलं तर पुन्हा भरती करावं लागेल. नळीनं अन्न द्यावं लागेल." नळी! तेव्हापासून मला कुठलीही नळी दिसली, बागेतली असो, गॅसची असो, मी तोंडच फिरवतो.

आणि एका सकाळी ही खिडकीतून बाहेर बघत बघत म्हणते, "अहो, ते तुम्ही पिंपात करायचात ना... धुराचं... ते खाईन मी."

खाईन! किती दिवसांनी तिनं हा शब्द उच्चारला असेल! आता शहाण्या नवऱ्यानं काय म्हणावं? "हो." मी काय म्हणालो? "बघतो."

बघतो म्हणजे काय, तर वाचायला बसलो. तिथंच चुकलं. तुम्हाला सांगतो, धुरीच्या मांसाविषयी काहीही करा, वाचू नका! काही जंतू हवा असली की वाढतात, काही हवा नसली की वाढतात, आणि काहींना म्हणे हवेचं सोयरसुतकच नाही! वास नाही, रंग नाही, चव नाही. मग ओळखायचे कसे? तर लक्षणांवरून! म्हणजे आधी खा, मग ओळखा! अशक्त माणसांना धोका अधिक, असं तर ठळक अक्षरांत. ठळक अक्षरं कोणासाठी असतात? माझ्यासारख्यांसाठीच.

मुलीला फोन केला. "बाबा, तुम्ही? आगीजवळ? मी बाहेरून मागवते काहीतरी."

"बाहेरचं तिनं मागितलेलं नाही."

"मग करा. पण प्लीज जास्त विचार करू नका."

जास्त विचार करू नका! हे मला? अहो, आयुष्यभर मला पगारच त्याचा मिळाला! भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होतो मी. डॉक्टरेट आहे माझी. कशात, ते पुढे येईलच, आत्ता सांगायला लाज वाटते. मी भित्रा नाही हो, माहिती जास्त आहे.

गेलो खाटकाकडे. म्हटलं, मेंढ्याचा खांदा दे हाडासकट. पण कापला कधी? सुरी धुतली होती का? हात? तो म्हणतो, "काका, तपासणीवाले आहात का?" म्हटलं, "नाही, घरून आलोय." "मग घरी जा की!" दिला शेवटी. पण देताना गिऱ्हाइकाला नव्हे, रुग्णाला बघावं तसा बघत होता माझ्याकडे.

मग पिंप. कोरफड उपटून कुंडीत लावली, पिंप खरवडलं, जाळ करून तापवलं, पुन्हा खरवडलं. गंजाखाली काय आहे? रंग आहे का? जस्ताचा मुलामा तर नाही? तापलं की त्याची वाफ... थरमॉमीटर आणला. एकट्यावर भरवसा कसा ठेवायचा, म्हणून दुसरा आणला. दोघांत दोन अंशांचा फरक! आता खरा कोण? म्हणून तिसरा आणला. तो तिसरंच काहीतरी सांगायला लागला. मग दोन परत डब्यात ठेवले आणि जो सगळ्यात कमी दाखवत होता त्यालाच खरा मानायचं ठरवलं. भीतीला सोयीचा तोच होता.

पेटवलं एकदाचं. तर असा पांढराफटक धूर! कुंपणापलीकडून विमा कंपनीतले निवृत्त साहेब धावत आले, पायात एकच चप्पल. "सर! सर, काय जळतंय?"

"खांदा!"

"कोणाचा?"

आता काय सांगू यांना? म्हटलं, मेंढ्याचा आहे, अजून आत ठेवलाही नाही, हा नुसता लाकडाचा धूर आहे, पांढरा धूर कडू असतो, तो निघून पातळ निळसर येईपर्यंत थांबायचं असतं. ते म्हणाले, "तुम्हाला सगळं माहीत आहे हो!" आणि झारी भरून कुंपणाजवळ ठेवून गेले. म्हणजे बघा, विश्वास!

निळा धूर आला. थरमॉमीटरची सुई खुपसून खांदा ठेवला, झाकण लावलं. हिला मागच्या दारात खुर्ची टाकून दिली, अंगावर शाल. आणि तुम्हाला सांगतो, सुरुवातीला काय सुरेख चाललं होतं! चाळीस... पन्नास... साठ... गाठायचं होतं पंचाहत्तर, आणि आकडा असा चढतोय की मला वाटलं, अरे, आपण उगीचच घाबरलो! साठ, पासष्ट, अडुसष्ट...

अडुसष्ट.

अडुसष्ट!

चहा पिऊन आलो, अडुसष्ट. चष्मा पुसला, अडुसष्ट. थरमॉमीटरला टिचकी मारली, तर तो बिचारा डिजिटल, त्याला टिचकीनं काय होणार? झाकण उघडून बघितलं, पासष्ट! घाबरून बंद केलं. निखारे घातले, वारा घातला, अडुसष्टवर आला आणि पुन्हा तिथंच बसला! जळता जाळ खाली आणि वर तापमान चढत नाही, हे कसं शक्य आहे? ऊर्जा जातेय कुठे? माझ्या पिंपात निसर्गाचे नियम बंद पडलेत का? की आत काही जिवंत आहे? हसू नका! त्या क्षणी मला खरंच वाटलं, जंतूंनी काहीतरी संघटना केलेली आहे. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं...

"अहो, झालं का?"

"होतंय!"

"वास काय सुंदर येतोय." आणि मग, थोडं थांबून, स्वतःलाच आश्चर्य वाटल्यासारखं म्हणाली, "मला भूक लागलीय."

भूक! डॉक्टरांनी औषधं देऊन न आलेली, मुलीनं विनवण्या करून न आलेली भूक मागच्या दारात शाल पांघरून बसलीय, आणि माझा खांदा अडुसष्टवर! आता ही भूक किती टिकणार? गेली तर परत येईल? अर्धकच्चं द्यावं तर जंतू, थांबावं तर नळी! इकडे जंतू, तिकडे नळी, मधे मी, हातात चिमटा! दरदरून घाम फुटला. शर्ट पाठीला चिकटला. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि एवढ्या जाळाशेजारी उभा असून मला चक्क थंडी वाजली.

थंडी?

घाम... वारा... थंडी...

अहो, खांद्याला घाम आला होता! मला आला तसाच! आतलं पाणी बाहेर येतंय, त्याची वाफ होतेय, वाफ उष्णता घेऊन चाललीय, जेवढं मी तापवतोय तेवढंच ते स्वतःला गार करतंय! आणि मी दर वेळी झाकण उघडून त्याला वर वारा घालतोय! आता सांगतो माझी डॉक्टरेट कशात ते. बाष्पीभवन. बाष्पीभवनानं पदार्थ गार कसा होतो, यावर एवढा जाड प्रबंध आहे माझा. मुलांना शिकवलंय, परीक्षेत विचारलंय, न आलेल्यांना नापास केलंय! आणि स्वतःच्या अंगणात प्रश्न आला तर मी जंतूंच्या संघटनेपर्यंत पोचलो!

धावत स्वयंपाकघरात गेलो. गुडघे? आठवलेसुद्धा नाहीत. फॉइल आणली आणि खांदा गच्च गुंडाळला. आता कर बाष्पीभवन! अॅल्युमिनियमबद्दलही वाचलं होतं मी, वाचलं नाही असं नाही. पण ते नुकसान म्हणे खूप वर्षांनी दिसतं, आणि आमच्या वयाला तेवढं परवडतं. झाकण लावलं आणि दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून उभा राहिलो, उघडायला जाऊ नयेत म्हणून. एकोणसत्तर. सत्तर! पंचाहत्तर! मी भित्रा नाही, म्हटलं ना! नव्वदच्या पुढे जाऊ दिलं, हाड हातात सुटून येईपर्यंत.

ताट घेऊन हिच्याकडे गेलो. म्हटलं, "आधी मी खातो."

"का?"

"सहज."

"सहज काय? मी राणी आहे का, आधी चाखायला माणूस ठेवलेली?"

खाल्लं. म्हटलं, आता जरा थांबू या, मला काही होतंय का बघू. मी डोळे मिटून पोटावर हात ठेवून बसलो, आतून काही निरोप येतोय का म्हणून. डोळे उघडून बघतो तर हिनं ताट मांडीवर घेतलेलं! चमचा नाही, काही नाही, हातानं! एक तुकडा. बोट चाटलं. दुसरा. मी श्वाससुद्धा हळू घेत होतो. बोललो तर थांबेल, बघितलं तर थांबेल... मी समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. ताटाचा आवाज येत होता. तो आवाज थांबेपर्यंत मी त्या भिंतीवरची प्रत्येक भेग पाठ केली.

वळून बघितलं, तर ताट रिकामं. आणि हिची मान एका बाजूला. डोळे मिटलेले!

संपलं! म्हटलं, घडलं! पापण्या जड होणं हे तर पहिलंच लक्षण! ही झोप आहे की ते आहे? श्वास चाललाय... पण कसा चाललाय? नाकाशी हात नेला, मनगट धरलं, आणि शेवटी न राहवून गदागदा हलवलं. "अगं! अगं, बरी आहेस ना?"

तिनं डोळे उघडले. "बरी होते की! किती दिवसांनी अशी झोप लागली होती. उठवलंत!"

"जिभेला मुंग्या? घशात अडकल्यासारखं? समोरचं दोन-दोन दिसतंय का?"

"तुम्ही एकच दिसताय," ती म्हणाली, "आणि तेवढे पुरेसे आहात." मग शाल नीट केली, आत डोकावल्यासारखं केलं आणि म्हणाली, "आता उठवलंतच आहे, तर ते उरलेलं आणा थोडं."

उरलेलं! तुम्हाला सांगतो, इथं माझी माहितीच संपली! कारण ताज्या मांसाचं सगळं मी वाचलेलं होतं, पण उरलेल्या मांसावरचं प्रकरण पुढे होतं, आणि ते मी भीतीनं वाचलंच नव्हतं.

काय करणार? आणून दिलं. ती खात बसली, आणि मी शेजारी बसून ते प्रकरण वाचायला घेतलं... मनातल्या मनात.