शेवटच्या वस्तीचं पाणी

—अहो, जोर नका लावू, आधी चाक थोडं मागे घ्या, मग सुटतं. तीस वर्षं कालव्याचा हा दरवाजा उघडतोय मी, त्याचे नखरे मला विचारा. आजपासून तुमच्या गळ्यात! ती खाली दिसते ना, ती नदी – नदी कसली, आठ महिने नुसती वाळू. रेल्वे आली, इंजिनांना पाणी हवं म्हणून बंधारा घातला, बंधाऱ्यातून हा कालवा काढला, आणि मग रूळ नि कालवा यांच्या मधल्या पट्टीत माणसं येऊन बसली. त्याआधी काय होतं इथे? काही नव्हतं हो, दगड नि काटे.

स्टेशनापलीकडे ती झाडं दिसतात? वाळलेली, हो, तीच. कालव्याच्या टोकाची शेवटची वस्ती. माझी लेक तिथे दिली, ती बाग तिचीच. पाणी पोचेपर्यंत निम्मं जमीनच पिते, म्हणून त्यांची पाण्याची पाळी सहा तासांची. मी – आता तुमच्यापासून काय लपवायचं – मी पाच तासांतच बंद करायचो. का म्हणजे? लोक म्हणतील, लेकीच्या घरी पाणी सोडतो! कुणाला बोट दाखवायला जागा नको. लेक एकदाच आली, इथेच, तुम्ही उभे आहात तिथे – "बाबा, जास्त नको, आमचं आहे तेवढं तरी द्या." आणि मी काय म्हणावं? नियम म्हणजे नियम! नियम कसला डोंबलाचा, नियम तर सहाचा होता. चार उन्हाळे काढले पोरीने. मग बाग गेली.

आज निघाली सगळी, गाडीने, कायमची. सकाळी सामान घेऊन याच रस्त्याने गेली. नात हात हलवत होती, लेकीने मान वर केली नाही. काय? गाडीला अजून दहा मिनिटं आहेत, माहीत आहे मला. तुमची सायकल? नको हो – तुम्हाला एकट्याला चाक जमायचं नाही – खोटं बोलतोय मी. काय तोंड घेऊन जाऊ? चुकलं म्हणू? तेवढंच तर म्हणायचंय. बरं, द्या, द्या ती सायकल – थांबा. शिट्टी झाली का? लवकर कशी आली आज? दोनच मिनिटं थांबते इथे...

सुटली.

पाळ्यांच्या वहीत काय बघता? त्यांचीच पाळी आहे आता, शेवटच्या वस्तीची. सोडा पाणी. पुरे सहा तास सोडा. तिथे कुणी उरलं नाही, कळतं मला! सोडा म्हणतो ना. आणि माझ्याकडे बघू नका, चाकाकडे बघा.