धुतलेला सोडियम

माननीय अध्यक्ष, प्राचार्य सर, आमच्या विभागप्रमुख बाई, सर्व प्राध्यापक आणि विद्यार्थी, पहिल्या रांगेतल्या मामी, आणि मांडीवरच्या पुष्पगुच्छाआड लपू पाहणारे आजचे सत्कारमूर्ती, आपल्या प्रयोगशाळेचे परिचर मामा,

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. उत्तर मला येत नाही, हेही सांगून टाकते. रॉकेल पेटतं, पाणी विझवतं. मग सोडियम रॉकेलात निमूट का बसतो आणि पाण्यात का भडकतो? सात वर्षांपूर्वी मामांनी हे विचारलं, तेव्हा मी ऐटीत समीकरण लिहून दाखवलं. मामा म्हणाले, "हे काय झालं ते झालं. का झालं ते सांग की." आज मी इथेच प्रयोग शिकवते, पण गाडी तिथेच अडली आहे.

हा प्रश्न निघाला कसा? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. घरी स्टोव्ह होता आणि आईचा एकच कायदा होता, रॉकेलचा हात लागलेली वस्तू आधी धुवायची. पहिल्या वर्षी बाटलीतून सोडियमचा तुकडा काढायला सांगितलं. काढायचा हरभऱ्याएवढा, मी काढला बोराएवढा. टिपकागदानं टिपायचा, हे बाईंनी सांगितलंही असेल. पण रॉकेलचा वास आला आणि मी आईची गुणी मुलगी झाले. नळ सोडला.

हसा, हसा. तेव्हा कोणी हसलं नव्हतं. बेसिनचे दोन तुकडे झाले आणि माझी डावी भुवई गेली. मामा धावत आले, मला मागे ओढलं, नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "भुवई येईल परत. बेसिन नाही यायचं."

तेवढ्यात बाई दारात आल्या. मी ओढणीनं भुवई झाकली. मामा शांतपणे म्हणाले, "माझ्या हातून निसटला, बाई."

नंतर मी विचारलं, असं का केलंत? तर म्हणतात, "तुझं नाव कालच हजेरीपटावर चढलंय. ते आज कशाला खोडायचं? माझ्या एप्रनवर डाग काय कमी आहेत?"

पण हा डाग सेवापुस्तकात पडला. इथे निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाच्या मानपत्रात 'निष्कलंक सेवा' हे शब्द असतात. मामांचं मानपत्र परवा छापून आलं. त्यात ते दोन शब्द नाहीत. मामींनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून ठेवलं.

सात वर्षं मीही रॉकेलातच बसून होते, मामा. निमूट.

मामा, मान हलवून खुणा करू नका, मी थांबणार नाही. आणि हो, माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, हे मला ठाऊक आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. फक्त बेसिनची चूक तेवढी घालू नका, ती माझ्या नावावर लिहा. तसं लेखी पत्र मी आज सकाळी कार्यालयात दिलं आहे. पोच माझ्या पर्समध्ये आहे.