हाडे मोडणाऱ्या पेशी

मत्सराला वय नसते, हे मी नालवाडीत शिकलो. पत्नीची हाडे ठिसूळ झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि शेजारचे देशमुख सर, जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक, विचारपूस करायला आले.

"वहिनी, ऑस्टिओक्लास्ट म्हणजे हाड मोडणारी पेशी. ग्रीकमध्ये क्लास्ट म्हणजे मोडणारा. ज्वालामुखीच्या राखेला पायरोक्लास्टिक, म्हणजे आगीनं मोडलेली, म्हणतात; तिथंही तोच धातू!"

पत्नी हरखून ऐकत होती. मी संस्कृतचा अध्यापक. माझ्या व्युत्पत्तींना तिने जन्मभर जांभयाच दिल्या.

"आपल्याकडे अस्थिभंजक असा नेमका शब्द होतो," मी ठणकावले.

"तुमी सांगता तवा मले परीक्षेले बसल्यासारखं वाटते."

"आणि हे सांगतात तेव्हा?"

"तवा कंबर दुखते, हेच याद राहत नाई."