खटल्यात राज्याचं नाव नव्हतं

नाही नाही मॅडम, घर बरोबर आहे तुमचं — लिंडक्विस्टांचंच हे, पाटी वाऱ्यानं पडलीय, लावतो लावतो म्हणतोय मी — आणि हो, मी तोच, मर्ल बॉइस, तुम्ही राज्याच्या अपंगसेवा खात्यात ज्या खुर्चीवर बसता ना, त्याच खुर्चीवर बसायचो. अजून उजवीकडे कलते का ती? कलतेच. असं बघू नका हो माझ्याकडे. ज्या घरानं संचालकावर दावा लावला त्याच घराच्या पायरीवर तो संचालक वाटाणे सोलत बसलाय — नवल वाटायचंच, मलाही सुरुवातीला वाटायचं. बसा. ट्रूडी, म्हणजे दावा लावणारी तीच, फोनवर आहे. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांचे सगळे फोन तीच घेते, कानाला यंत्र लावून — कुणाची गाय अडलीय, कुणाच्या घोड्याच्या पोटात दुखतंय — आणि तो फोन संपल्याशिवाय ती तुम्हाला काय, गव्हर्नरलाही आत घेणार नाही. तिची आई, अर्डिस, बाजारात गेलीय. एकट्याच आलात? स्वतःच्या गाडीनं? म्हणजे सरकारी वकिलांना सांगितलेलं नाही. बरं. मी काही विचारलं नाही, तुम्ही काही बोलला नाहीत.

तुमचं नाव खटल्यात कसं आलं, हेच ना? आपोआप येतं ते. मी गेलो, मग तो हंगामी गृहस्थ आला — त्याचं नाव लागलं — तो गेला, आता तुमचं. खुर्चीबरोबर मिळतं. मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मी कॅन्टीनमध्ये ॲपल पाय खात होतो, एक पोरसवदा माणूस आला, म्हणाला, "मर्ल बॉइस आपणच का?" मी म्हटलं, "काम काय आहे त्यावर अवलंबून." त्यानं समन्स ठेवलं बशीच्या शेजारी आणि गेला. लिंडक्विस्ट विरुद्ध बॉइस. राज्याचं नावच नाही! मी धावत आमच्या वकिलाकडे — लॅम्बर्ट स्टाउट, भला माणूस, पण झोपेतसुद्धा टाय बांधून असणार — त्याला म्हटलं, अहो, निर्णय राज्याचा, शिक्का राज्याचा, मी आपला सही करणारा. तो म्हणाला, "मर्ल, राज्य सार्वभौम असतं. त्याच्या मर्जीशिवाय त्याला केंद्राच्या कोर्टात कुणी खेचू शकत नाही. म्हणून लोक अधिकाऱ्याला खेचतात." म्हटलं, पण मी खात्याच्या वतीनंच केलं ना? तर म्हणाला, "केंद्राचा कायदा मोडण्याचा अधिकार राज्य कुणाला देत नाही. तेव्हा मोडला असशील तर तो तू मोडलास. राज्यानं नाही." आणि माझ्या बाजूनं लढायला कोण? राज्य! म्हणजे काम बरोबर ठरलं तर राज्याचं, चुकीचं ठरलं तर माझं, आणि वकील दोन्हीकडे एकच. मी म्हटलं, हे कुणी शोधून काढलं? म्हणाला, फार जुनं आहे, शंभर वर्षांवर झाली, आता कुणाला विचित्र वाटत नाही. मला वाटत होतं. माझ्या आईलाही वाटलं. शहाऐंशी वर्षांची बाई, चर्चमधून कॉफी पिऊन आली नि फोन — "मर्ल, त्या मुलीचं काय केलंस तू?" मी केलं नाही ग आई, राज्यानं केलं. "राज्यानं केलं असतं तर पेपरात राज्याचं नाव आलं असतं," म्हणाली, आणि ठेवून दिला फोन. कायद्याची पदवी नाही तिच्याकडे. स्टाउटनं जे तासभर सांगितलं तेच की.

केलं काय होतं — तेही सांगतो, तुम्ही कागदावर वाचलं असेल, कागदावर मीही वाचलं होतं. ट्रूडी एकोणिसाव्या वर्षी धान्याच्या कोठाराच्या शिडीवरून पडली. मान मोडली. खांद्याखाली काही हलत नाही. दिवसभराचे मदतनीस होते तिला, खात्याकडून. मग आम्ही ठरवलं — पुन्हा "आम्ही" म्हणतोय बघा — मी ठरवलं, दिवसाला चार तास, त्याहून जास्त लागत असेल तर शुश्रूषागृहात जा. शुश्रूषागृह कुठे, तर दोन जिल्हे पलीकडे. तिथे ती फोन कसे घेणार? नाही गेली ती. अर्डिसनं चार तासांच्या पुढचं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं, बासष्ट वर्षांची बाई, आणि एकदा फ्लूनं पडली, तेवढ्यात ट्रूडीची पाठ चिघळली. हाडापर्यंत. हॉस्पिटलात अख्खा हिवाळा. हे सगळं माझ्या टेबलावर "सेवांचे पुनर्नियोजन" या नावानं आलं होतं.

कोर्टात तिची वकील — डोलोरेस किंटाना, पाहिलंय का तिला? एवढीशी आहे, आवाजही चढवत नाही — तिनं विचारलं, "मिस्टर बॉइस, तुम्ही कधी माझ्या अशिलाच्या घरी गेला आहात?" म्हटलं, नाही. जज विदरस्पून चष्म्यावरून बघत म्हणाले, "मग जाऊन या." स्टाउट इकडे येताना गाडीत मला बजावत होता — बोलायचं नाही, कबूल काही करायचं नाही, हात कशाला लावायचा नाही. आलो. अर्डिसनं कॉफी दिली. चांगली दिली, हे आधी सांगतो, पण कप ठेवून तशीच स्वयंपाकघरात गेली. वकीलमंडळी मागच्या खोलीत पलंग मोजत होती आणि ट्रूडी इथेच, खिडकीशी, कुणा शेतकऱ्याला सांगत होती, "वासराचे पाय उलटे आलेत ना? ओढू नका, डॉक्टर निघालेत, तुम्ही गाईशी बोलत राहा — काय बोलायचं म्हणजे? बायकोशी बोलता ते बोला." फोन संपला, माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच ना ते बॉइस?" हो म्हटलं. "जरा नाक खाजवता?" मी मागे बघितलं. कुणी नव्हतं. "तुम्हालाच म्हणतेय. मघापासून खाजतंय, आई स्वयंपाकघरात आहे." खाजवलं. "वर. अजून वर. डावीकडे हो, माझ्या डावीकडे!" तेवढ्यात स्टाउट दारात. बघतो तर काय, प्रतिवादी वादीचं नाक खाजवतोय. त्याचं तोंड — जाऊ दे.  परतीच्या वाटेवर गाडीत, चार तासांत नाक कितीदा खाजतं, आणि उरलेल्या वीस तासांत कितीदा, एवढाच विचार डोक्यात होता, दुसरं काही सुचेना.

पुढच्या तारखेला किंटानानं शपथेवर विचारलं, "चार तासांत ती या घरी राहू शकेल का?" मी म्हटलं, नाही. स्टाउटनं पेन खाली ठेवलं. उचललंच नाही परत. आता लोक म्हणतात, मर्लनं खटला घालवला — घालवला कसला, प्रश्न विचारला, उत्तर दिलं. माणसाला घरी राहता येत असेल तर त्याला संस्थेत कोंडू नका, असं केंद्राचा कायदा सांगतो. जजनी तसा हुकूम दिला, की मर्ल बॉइस आणि त्याच्यानंतर खुर्चीवर येणारे यांनी यापुढे हिचे तास कापू नयेत. यापुढे! तेव्हा अर्डिस उठली बाकावरून, कोट हातात, म्हणाली, "आणि पाठीचं? त्या हिवाळ्याचं काय?" पट्टेवाला तिला बसवायला गेला, जजनी हातानं थांबवलं. म्हणाले, "बाई, मागचं भरून द्यायचं तर ते राज्याच्या तिजोरीतून द्यावं लागेल, आणि राज्याला या कोर्टात मी हात लावू शकत नाही. पुढचं तेवढं माझ्या हातात आहे." वाईट वाटलं त्यांना, दिसत होतं. अर्डिस म्हणाली, "पुढच्या तासांनी हिची पाठ भरून येणार होय?" आणि बसली. मी पलीकडच्या बाकावर. म्हणजे राज्याच्या बाकावर. मी एकटाच होतो तिथे, स्टाउट सोडला तर.

मग काय, मला राजीनामा द्यायला सांगितलं, दिला. एक दिवस इथे आलो — सहज, या बाजूला काम होतं — काम नव्हतं, आलो. दारापुढच्या उताराची फळी कुजली होती, चाकाची खुर्ची अडायची, ती बदलली. अर्डिसनं जाळीच्या दारातून बघितलं नि म्हणाली, "खिळे वाकडे मारताय." दुसऱ्या दिवशी सरळ मारायला आलो. तसं चालू आहे. नाही हो, राहत नाही मी इथे. काय बोलताय! घरी जातो मी. रोज. बहुतेक रोज. गेल्या आठवड्यात बर्फाचं वादळ होतं ना — नव्हतं? तुमच्याकडे नसेल. असो, ते खटल्यात येत नाही.

अपिलाचं? ते त्या हंगामी गृहस्थानं केलं, तुम्ही नाही, ठाऊक आहे मला. तोवर तास चालू आहेत, मदतनीस मुलगी येते सकाळी, चांगली आहे. पण वरच्या कोर्टानं फिरवलं तर — मला ट्रूडीला कुशीवर वळवता येतं आता, शिकलोय, पण मी चौसष्टचा आहे, अर्डिसचे गुडघे गेलेत, ती सांगत नाही कुणाला, तुम्हीही सांगू नका. किती वर्षं ओढणार आम्ही? "आम्ही" म्हणालो का? म्हणालो असेन. स्टाउट तुम्हाला सांगेल, मॅडम, हा तत्त्वाचा प्रश्न आहे, राज्याच्या प्रतिष्ठेचा. असेलही. राज्य मला कधी भेटलं नाही. अपील मागे घ्यायचं तर शब्द कुणाचा लागेल? ज्याचं नाव वर आहे त्याचा. वकील कुरकुरतील, गव्हर्नरच्या कचेरीतून फोन येईल, खुर्ची जाईलही कदाचित — मी खोटं कशाला सांगू, माझी गेली.

मी तुमच्या जागी असतो तर? ते मला विचारू नका. मी होतो तुमच्या जागी. आणि — थांबा, फोन ठेवला वाटतं तिनं. हो, ठेवला. ऐकलंत? "कोण आलंय" विचारतेय. ट्रूडी, संचालक मॅडम आल्यात! — उठा, पर्स राहू दे इथेच, कुणी नेत नाही. मी नाही येणार आत. माझा काय संबंध? मी आता त्या खटल्यात कुणीच नाही. दार उघडंच आहे. ओळख करून द्यायची गरज नाही, तुमचं नाव तिला तुमची नेमणूक झाली त्याच दिवशी पाठ झालंय. जा.