समासातली गोळी

एक्केचाळीस? एक्केचाळीस जणांनी परीक्षेच्या पेपरात लिहिलं? — नाही मॅडम, हसत नाहीये, खोकला आहे मला. बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय निखळलाय — कागदाच्या गठ्ठ्यावर बसा, सगळे तिथेच बसतात. हां, वाचा बघू परत. 'ही गोळी संध्याकाळी सहा वाजता, जेवणाआधी घ्यावी. विसरू नये.' बरं मग? छान लिहिलंय की! पुस्तकात नाही म्हणता? नसेल. पुस्तक तुमच्या संस्थेचं, तुम्हाला ठाऊक. मी काय, झेरॉक्सवाला. मागच्या पानावर पुढचं पान उलटं आलं नाही म्हणजे झालं, एवढंच आमचं शिक्षण.

आणि तपास करत करत इथेच कशा हो आलात? सगळ्या पोरींनी माझंच दुकान सांगितलं? — सांगणारच. तुमचं पुस्तक मोफत, अगदी कबूल. त्याच्या प्रकाशनाच्या समारंभाला मीपण गेलो होतो, मागे उभा होतो. जगात कुठेही, कुणालाही, कधीही, असं म्हणाले तुमचे साहेब — आणि नेमका माइक बंद पडला. मोफतच आहे हो, फक्त वीज लागते, फोन लागतो, आणि वसतिगृहाच्या गच्चीवर टाकीच्या शिडीवर चढून रेंजसाठी हात वर करून उभं राहावं लागतं. सहाशे पानं अशी वाचणार नर्सिंगच्या पोरी? त्यापेक्षा येतात इथे. मी छापून, शिवून हातात देतो. तुमचं मोफत पुस्तक या गावात कुणी वाचलं असेल ना, तर ते माझ्या मशीनमधून निघालेलं.

हो, समासात हाताने लिहिलेलं आहे. दिसतंय मलाही. असेल कुणातरी विद्यार्थिनीचं. जुनी प्रत आहे, तिच्यावरूनच काढतो सगळ्या. आणि वाईट काय आहे त्यात? तुमच्या पुस्तकात लिहिलंय, औषध फ्रिजमध्ये ठेवा. तिने बाजूला लिहिलंय — फ्रिज नसेल तर मडकं, ओली वाळू, सावली. आता सांगा, कुणाचं पुस्तक कामाचं? पोरी तर मुद्दाम मागतात, काका, ती अक्षरवाली प्रत द्या. आणि पहिल्याच पानावर तुम्हीच छापलंय ना, वापरा, बदला, वाटा? तिने बदललं, मी वाटलं. आता का कपाळाला आठ्या?

आणखी काय लिहिलंय म्हणता? एकीने तर कमालच केली? वाचा की... 'वृद्ध पुरुष रुग्ण सांगितलेलं ऐकत नाहीत.' — वृद्ध? वृद्ध कुठून आणला कार्टीने? तिथे स्वच्छ लिहिलंय, 'बाबा ऐकत नाहीत.' आणि बावन्न वर्षांचा होतो मी तेव्हा! बावन्न म्हणजे काय वृद्ध?

...

हं. पाहता काय अशा? मुलगी होती माझी. या मशीनवर बसून अभ्यास करायची, गरम असतं म्हणून, थंडीत. हे पुस्तक या गावात पहिल्यांदा तिने उतरवून घेतलं — कॉलेजच्या संगणकावर, चार दिवस, एकेक धडा. रक्तदाबाचा धडा आला तेव्हा माझी गोळी नुकतीच सुरू झाली होती, मग लिहिलं समासात, विसरू नये म्हणून. तिसऱ्या वर्षाला होती. ताप आला, आठ दिवसांत — जाऊ दे. सहा वर्षं झाली.

फाइल? आहे ना फाइल. पहिल्यापासून आहे संगणकात, स्वच्छ, एक डाग नाही. बटण दाबलं की बाहेर. — नाही दाबलं. मशीन बिघडलंय, फाइल उघडत नाही, असं सांगत आलो पोरींना. दरवर्षी तीनशे पोरी तिचं अक्षर वाचतात. तुमच्या नव्या आवृत्तीत आहे का तशी सोय?

काय म्हणालात? — परीक्षेचं सोडा म्हणता. उद्या यातलीच एक वॉर्डात उभी राहील, आणि ज्याला गोळी सकाळी द्यायची त्याला सहापर्यंत थांबवेल. ... हं. हे मात्र तीही म्हणाली असती. तोंडावर म्हणाली असती.

द्या इकडे तुमची नवी आवृत्ती. सगळी नाही हो, एवढी घाई करू नका — तेवढं एक पान द्या. एकशे बारा, रक्तदाबाचं. मडकं राहील, वाळू राहील. हे पान काढतो. — हात नका लावू, मी काढतो. सुईने शिवण उसवायची असते, ओढायचं नसतं. असं. ... नाही, ते तुम्हाला नाही मिळायचं. तुमच्या अहवालाला लावायला दुसरं काहीतरी शोधा.

घड्याळ कशाला दाखवताय? वाजलेत सहा, ठाऊक आहे मला. मला सांगायला लागत नाही आता. — उठा, शटर ओढायचंय.